ओळमास्तर आणि धुळ्याची कार्डं

'अमका फार चांगला माणूस' हे वाक्य धरणगावात ओळमास्तरांच्या देखत सहसा कुणी बोलत नसे. बोललेच, तर मास्तर चष्मा कपाळावर चढवीत आणि विचारीत, "कुठल्या ओळीवरून?" एकदा गावातल्या एका कापूस-जिनच्या मालकाच्या शोकसभेत एकामागून एक वक्ते उठत होते आणि शेठजी अत्यंत उदार, दयाळू व परोपकारी होते असे सांगून खाली बसत होते. चौथा वक्ता बसल्यावर मास्तर मागच्या रांगेतून म्हणाले, "एखादा प्रसंग सांगा ना कुणीतरी." अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले. शेवटी जिनातला एक म्हातारा हमाल भिंतीपाशी उभा राहिला आणि म्हणाला, "उन्हाळामा आम्ही पोता उतारूत, तव्हय शेठ सोता पाणीनी कळशी धरीसन उभा ऱ्हाये. दुसरं माले काही माहीत नही." मास्तर म्हणाले, "झालं. आता शेठजी दिसले." अध्यक्ष पुढे महिनाभर मास्तरांशी बोलले नाहीत, पण त्या चार वक्त्यांपैकी एकाचेही भाषण आज कुणाला आठवत नाही. हमालाचे सर्वांना आठवते.

मास्तर आम्हाला मराठी शिकवीत. त्यांचे खरे आडनाव हजेरीपटावर आणि पगारपत्रकावर होते. गावाने त्यांना ओळमास्तर केले होते आणि त्यांनी ते तक्रार न करता स्वीकारले होते. मला याद्या करायची सवय आहे, म्हणून त्यांचीही एक करून टाकते. काळी टोपी एक, कडेला तेलकट झालेली. काळा कोट एक, उजव्या खिशात खडूची भुकटी, डाव्या खिशात भाजलेले शेंगदाणे. छत्री एक, ती पावसाळ्यापेक्षा उन्हाळ्यात जास्त वापरात. आवाज मोठा. मारायची छडी नाही. खुर्ची होती, पण ते तिच्यावर बसत नसत. त्यांच्या तासाला तिच्यावर वह्यांचा गठ्ठा बसे.

त्यांच्या वहीची पद्धत साऱ्या शाळेत वेगळी होती. धडा संपला की पानाच्या मधोमध उभी रेघ मारायची. डावीकडे धड्यातली ओळ जशीच्या तशी लिहायची, उजवीकडे त्या ओळीतून दिसलेला माणूस. उजवी बाजू भरली आणि डावी रिकामी राहिली, तर वही परत. आधीच्या इयत्तांत आम्ही गाईडातली तीन विशेषणे पाठ केलेली होती: प्रेमळ, कष्टाळू, स्वाभिमानी. धड्यातला माणूस कुणीही असो, शेतकरी, राजा किंवा टपालवाला, उत्तर तेच. मास्तर पहिल्याच दिवशी म्हणाले, "ही तीन विशेषणं माझ्या सासऱ्यांनाही लागू पडतात. आणि त्यांना तर तुम्ही कधी पाहिलेलंही नाही. मग तुम्ही वाचलं काय?"

एका धड्यात एक प्रवासी भर उन्हात विहिरीवर येतो आणि स्वतः पिण्याआधी घोड्याला पाणी पाजतो, असे होते. मी ताडकन हात वर करून म्हणाले, "प्रवासी दयाळू होता."

"कुठल्या ओळीवरून?"

मी ती ओळ वाचून दाखवली.

"यावरून दयाळू कसा? त्याला अजून वीस कोस जायचंय. घोडा पडला तर हाच पायी जाणार."

"मग व्यवहारी," मागून कुणीतरी म्हणाले.

"दयाळू की व्यवहारी? एका ओळीवर भांडता काय, पुढची वाचा."

पुढच्या ओळीत प्रवासी घोड्याच्या मानेवरची गोचीड काढून टाकतो आणि मग पोहरा स्वतःच्या तोंडाला लावतो. वर्गात बराच वेळ गोचिडीवर खल झाला. गोचीड काढली नसती तरी घोडा वीस कोस चाललाच असता, या मुद्द्यावर आम्ही शेवटी दयाळूपणा मंजूर केला. मास्तरांनी मान हलवली आणि म्हणाले, "आता लिहा. पण गोचिडीसकट लिहा."

हीच गोष्ट त्यांनी एकदा कापसावरून सांगितली. आमच्या गावात कापूस पिंजताना उडणारी बारीक रुई हिवाळाभर भुवयांवरसुद्धा बसायची. मास्तर एक दिवस मूठभर कापूस घेऊन आले आणि तो दगडूच्या हातात ठेवला. दगडूचे वडील जिनात कापसाची प्रत ठरवायचे. मराठीच्या तासाला दगडू एरवी बाकाच्या खाली राहण्याच्या प्रयत्नात असे. त्याने चिमूट घेतली, दोन्ही हातांच्या बोटांत धरून हलके ओढली, तुटलेली टोके जुळवून पुन्हा ओढली, आणि म्हणाला, "धागा लांब आहे सर, पण माल ओला आहे."

"कसं कळलं?"

"ओढून पाहिलं."

"नुसतं बघून नाही कळलं?"

"नुसतं बघून बठ्ठा कापूस पांढराच दिसतो सर."

मास्तर इतके खूश झाले की त्यांनी खिशातले सगळे शेंगदाणे दगडूला देऊन टाकले. नंतर वर्षभर कुणी घाईने उत्तर दिले की वर्गच ओरडायचा, "ओढून पाहा!"

माझ्या आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची शिकवणी मात्र धड्यावरून झाली नाही, ती एका पोस्टकार्डावरून झाली. तिच्यात मास्तर चुकले. म्हणूनच ती सांगायची.

नववीत मास्तरांनी आम्हाला एक वेगळा अभ्यास दिला. घरात आलेले एखादे पत्र, घरच्यांना विचारून, शाळेत आणायचे आणि त्यातून लिहिणारा माणूस शोधायचा. माझ्याकडे पत्रांचा तोटा नव्हता. आमच्या गल्लीतल्या बायकांची पत्रे मीच वाचत असे. त्यात शेजारच्या गंगूअक्कांचे घर पहिले. अक्का विधवा होत्या, त्यांचे यजमान काही वर्षांपूर्वी मुदतीच्या तापात गेले होते. एकुलती एक मुलगी कमल धुळ्याला दिलेली. कमलला लिहिता येत नव्हते, अक्कांना वाचता येत नव्हते. त्यामुळे कमलचे सासरे, सगळे त्यांना नाना म्हणत, धुळ्याहून कार्ड लिहीत आणि ते धरणगावात मी वाचीत असे. दोन अडाणी मायलेकींच्या मध्ये आम्ही दोघे शिकलेले उभे होतो.

नाना कोर्टात कारकून होते. कार्डही तसेच. वर तिथी, डावीकडे समास, मजकुरात एकही खाडाखोड नाही. 'येथील सर्व क्षेम. आपले क्षेम कळवावे. चि. सौ. कमल खुशाल आहे.' मग पाऊसपाणी, बाजारभाव. आणि अगदी शेवटी एक ओळ कमलची. ती सांगे आणि नाना ती तशीच उतरवून घेत. 'कमल विचारते, वाळवणाला यंदा मदतीला कोण होते?' 'कमल विचारते, सुशी नाक टोचून घ्यायला अजून घाबरते का?' ती सुशी म्हणजे मी. अक्का चुलीपासून हात पुसत येत आणि म्हणत, "चाल ना बेन, मनी पोर काय म्हनस ते पहिले वाच. बठ्ठं नंतर." मी आधी शेवटची ओळ वाचायची, अक्का हसायच्या, मग वरून सुरुवात.

अभ्यासासाठी मी अक्कांकडून नुकतेच आलेले कार्ड मागून घेतले. मास्तरांना ते इतके आवडले की त्यांनी ते फळ्यावर उतरवून मधोमध रेघ मारली. समास सोडला आहे, म्हणून नीटनेटका. बाजारभाव नेमके आहेत, म्हणून जबाबदार. विहिणीला 'आपण' म्हणतो, म्हणून मर्यादाशील. एकही शब्द फुगवलेला नाही, म्हणून विश्वासू. डावीकडे ओळ, उजवीकडे नाना. तास इतका रंगला की पुढच्या तासाचे सर दारात येऊन उभे राहिले. मास्तरांनी कार्ड माझ्या हातात परत दिले आणि म्हणाले, "अक्कांना सांग, लेक चांगल्या माणसाच्या घरी आहे. काळजीचं कारण नाही."

मी ते जसेच्या तसे सांगितले. अक्का म्हणाल्या, "मास्तर म्हनतस तर ऱ्हाई तसंच." पण त्या हसल्या नाहीत. कार्ड त्यांनी देव्हाऱ्यामागे ठेवायच्या ऐवजी पदराच्या गाठीला बांधले. हे मला दिसले होते. मी ते कुठल्याच बाजूला लिहून ठेवले नाही.

दहा-बारा दिवसांनी दुसरे कार्ड आले. मी वाचले. सर्व क्षेम, कमल खुशाल, कपाशीचा भाव. अक्का म्हणाल्या, "आखो वाच." मी पुन्हा वाचले. अक्का उठल्या, आत गेल्या, बाहेर आल्या, आणि तिसऱ्यांदा म्हणाल्या, "आखो वाच." मला शाळेला उशीर होत होता. मी जरा चिडून म्हणाले, "अक्का, तेच आहे हो, सगळं खुशाल आहे." त्यांनी माझ्या हातातून कार्ड घेतले आणि त्या घरात गेल्या.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. मास्तरांचा तास चालू असताना अक्का वर्गाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या जन्मात पहिल्यांदा शाळेत येत होत्या. वहाणा त्यांनी देवळाबाहेर काढतात तशा पायरीखाली काढल्या होत्या. सगळा वर्ग वळून पाहू लागला आणि मला जमिनीत जावेसे वाटले.

"या, अक्का," मास्तर म्हणाले.

अक्का उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. त्यांनी पदराची गाठ सोडून दोन्ही कार्डे पुढे केली. "मास्तर, माले वाचता येत नही. पण दर कार्डमा मनी पोर काहीतरी इचारस. ह्या दोन कार्डमा ती बोलनीच नही."

मास्तरांनी कार्डे घेतली. चष्मा कपाळावरून खाली ओढला.

अक्का म्हणाल्या, "तुम्ही सासराले वाचं. मनी पोरले कोन वाची?"

दोन्ही कार्डे शेजारी शेजारी धरून मास्तरांनी पुन्हा पुन्हा पाहिली. मग माझ्याकडे वळून विचारले, "सुशीला, आधीच्या कार्डांत ही ओळ असायची?"

"हो सर. प्रत्येक कार्डात. शेवटी."

"मला का नाही सांगितलंस?"

मी म्हणाले, "ती ओळ त्या कार्डात नव्हती, म्हणून..." आणि बोलता बोलता मलाच कळले की मी काय बोलते आहे.

मास्तरांनी कार्डे अक्कांना परत दिली. "अक्का, एरंडोलहून धुळ्याची एस.टी. दुपारी आहे. शाळा सुटली की आपण निघू. एक लुगडं बांधून घ्या. सुशीला, तूही आईला विचारून ये, अक्कांना सोबत होईल."

धीर देणारे एकही वाक्य ते बोलले नाहीत. एरंडोलच्या स्टँडवर अक्कांनी विचारले, "मास्तर, जिती तर व्हई ना मनी पोर?" त्यावर कुणीही दुसरा म्हणाला असता, असं काय बोलता अक्का. मास्तर म्हणाले, "मागच्या वेळी मी न पाहता सांगितलं. आता पाहिल्याशिवाय सांगणार नाही." मला तेव्हा ते कठोर वाटले. अक्कांना वाटले नसावे. त्या सरकल्या आणि त्यांनी मास्तरांना बाकावर जागा करून दिली. पारोळा मागे पडेपर्यंत त्या खिडकीबाहेर पाहत होत्या, आणि गाठीतली कार्डे बोटांनी चाचपत होत्या.

धुळ्याला नानांचे घर पांझरेच्या बाजूच्या एका गल्लीत होते. दार नानांनीच उघडले. मी त्यांना पहिल्यांदा पाहत होते. उंच, वाळलेले, धोतराच्या निऱ्यासुद्धा समास सोडल्यासारख्या. अक्कांना पाहताच त्यांचा चेहरा उतरला.

"विहीणबाई, तुम्ही? अचानक?"

"मनी पोर कोठे शे?"

नानांनी आतल्या खोलीकडे हात केला.

कमल खाटेवर होती. एवढीशी झाली होती. केस पार गेलेले, ओठांना चिरा. तिची सासू उशाशी बसून चमच्याने मोसंबीचा रस तिच्या तोंडात सोडत होती. सासूच्या डोळ्यांखालीही काळी वर्तुळे होती. घरात कापराचा आणि औषधाचा वास कोंडला होता. सासू अक्कांना म्हणाली, "मुदतीचा ताप. आज एकोणिसावा दिवस. कालपासून माणसं ओळखायला लागली आहे." अक्का खाली बसल्या आणि त्यांनी कमलच्या पायांवर हात ठेवला. कमलने डोळे उघडले. आधी आईकडे पाहिले, मग माझ्याकडे. तिचा आवाज जेमतेम ऐकू आला.

"सुशी, नाक टोचं का नही?"

अक्का रडता रडता हसल्या. सासूही हसली. मी नाकावर हात ठेवून उभी राहिले, कारण मी खरेच टोचले नव्हते.

बाहेर ओट्यावर मास्तर आणि नाना बसले होते. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले, तेव्हा मास्तर विचारत होते, "नाना, दोन्ही कार्डांत तुम्ही खुशाल लिहिलंत."

"लिहिलं," नाना म्हणाले. "अक्कांचे यजमान याच तापात गेले. नुसतं नाव कळवलं असतं तरी त्यांनी अन्न सोडलं असतं. म्हटलं, एकवीस दिवसांची मुदत उलटू दे, मग कळवू."

"मग शेवटची ओळ का गाळलीत? 'कमल विचारते' म्हणून काहीही लिहिलं असतं, तर कुणाला शंकाही आली नसती."

"मास्तर, माझ्या नावानं खोटं लिहिलं, ते माझं मी फेडीन. तिच्या नावानं कसं लिहू? ती शुद्धीवर नव्हती."

मास्तरांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. मग ते म्हणाले, "नाना, मी तुम्हाला बरोबर वाचलं होतं. तुमच्या घरात आणखी एक माणूस आहे, ते वाचायचं राहिलं."

नानांना यातले काही कळले नसावे. ते म्हणाले, "चहा घेणार?"

अक्का तिथेच राहिल्या. रविवारी सकाळच्या गाडीने आम्ही दोघे परतलो. सोमवारी मास्तर वर्गात आले ते वह्या न घेता. मुख्याध्यापकांनी त्यांना आधीच सांगितले होते, असे नंतर कळले: मुलांसमोर कशाला बोलता, धाक जातो. त्यावर मास्तरांचे उत्तर होते, "चूक वर्गात झाली, शिक्षकांच्या खोलीत नाही." त्यांनी फळ्यावर जुने कार्ड पुन्हा उतरवले, मधोमध रेघ मारली, आणि उजव्या कडेला आणखी एक रेघ मारून तिसरा रकाना काढला. त्याच्या डोक्यावर लिहिले, 'कोण बोलले नाही?'

"आपण डावीकडची ओळ वाचली. उजवीकडे माणूस लिहिला. माणूस बरोबर निघाला, म्हणून मी फुशारलो आणि एका आईला काळजी करू नका म्हणून निरोप धाडला. त्या आईला अक्षर येत नाही, पण तिनं तिसरा रकाना वाचला. इथून पुढं तीन रकाने. यात माझे मार्क किती?"

शेवटी दगडू उभा राहिला. "सर, नाना बरोबर आले, त्याचे अर्धे द्यायला पाहिजेत."

"कुठल्या ओळीवरून?" मास्तरांनी विचारले, आणि वर्ग इतका हसला की शिपाई डोकावून गेला.

एकवीस दिवस उलटले, ताप उतरला. अक्का अजून धुळ्यालाच होत्या, म्हणून कार्ड या वेळी माझ्या नावाने आले. त्यात सगळे खरे लिहिले होते, आणि शेवटी 'कमल विचारते, माझी आई तिकडे परत येणार की इथेच राहणार? सासूबाई म्हणतात, राहू द्या.' पुढे अक्का परतल्या आणि दिवाळीनंतर नाना स्वतः कमलला माहेरी सोडायला आले. त्यांच्या पिशवीत एक नवी पाटी आणि पेन्सिलींचे खोके होते. मास्तरांनी त्यांना पत्र लिहिले होते, त्यात काय लिहिले ते मला ठाऊक नाही, पण पाटी घेऊन आले ते नाना.

दोन महिने रोज शाळा सुटल्यावर मास्तर अक्कांच्या ओसरीवर येत. गल्ली थोडी हसली. समोरची एक बाई म्हणालीही, "आते काय कमल कोर्टमा कारकून व्हस का?" कमलने पदराखालून आखूड केसांवर हात फिरवीत उत्तर दिले, "नही वं, तुना नवराले नोटीस धाडस." त्या बाईने पुन्हा विषय काढला नाही. कमल मेहनती होती, पण अक्षराशी भांडायची. "मास्तर, ह्या 'ख' कितला वाकडा शे. खुशाल लिखानं नही, 'बरी शे' लिखसू." मास्तर म्हणत, "लिही. ज्याची खुशाली त्यानं लिहावी, आणि आपल्या शब्दांत लिहावी." वर्गात ते शुद्धलेखनाचे कडक होते. तिच्या पाटीवर त्यांनी 'शे'चा कधी 'आहे' केला नाही.

मी पुढे शिक्षिका झाले आणि आता जळगावला मुलींच्या एका वसतिगृहाचे काम पाहते. प्रवेशाच्या दिवसांत टेबलावर वडिलांचे, मामांचे, सरपंचांचे अर्ज येतात. मुलगी हुशार, मुलगी सुशील, मुलीला शिकण्याची फार आवड. माझ्या रजिस्टरात तीन रकाने आहेत. तिसऱ्यासाठी मी मुलीला एकटीला आत बोलावते, दार लोटते, आणि तिला बोलू देते. यामुळे माझे काम दुप्पट होते. पण कुठल्याही मुलीला तिचे न ऐकता घेतले, असे माझ्याकडून आजवर झालेले नाही.

मी अकरावीत असताना मास्तर निवृत्त झाले. अमळनेरला भावाकडे जायचे ठरले. जायच्या तीन-चार दिवस आधी मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा ते पुस्तके पोत्यांत भरत होते आणि प्रत्येक पोत्याच्या तोंडावर आतल्या पुस्तकांची यादी शिवत होते. माझ्या हातात एक पाकीट होते. कार्ड नव्हे, पाकीट, चिकटवलेले. त्याच दुपारी टपालवाल्याने अक्कांच्या दारात टाकलेले. वरचा पत्ता नानांच्या अक्षरातला नव्हता. मोठी अक्षरे, शिरोरेघ चढउताराची, 'धरणगाव'मधला 'ण' दुसऱ्यांदा गिरवलेला. अक्का शेतात होत्या. मी पाकीट उचलले आणि पळत सुटले ती थेट मास्तरांकडे.

"सर, कमलचं! तिनं स्वतः लिहिलंय. उघडू का?"

मास्तरांनी हात झटकले, पाकीट घेतले आणि उजेडात धरले. ते पत्त्याच्या चार ओळींवरून सावकाश बोट फिरवीत गेले, एकेक अक्षर, दोनदा. आयुष्यभर हातात पडेल ते वाचणारा माणूस. दुकानदाराच्या पुडीचा कागदसुद्धा ते उलगडून वाचत असत. मला वाटले, आता फोडतील. त्यांनी पाकीट उलटे केले, चिकटवलेली कडा अंगठ्याने नीट दाबली आणि माझ्या हातात परत दिले.

"सर, वाचणार नाही?"

"मला लिहिलेलं नाही," मास्तर म्हणाले. "अक्कांना वाचून दाखव. सावकाश वाच. आणि मध्ये बोलू नकोस."

ते पुन्हा पोत्याकडे वळले. त्यांची पाठ माझ्याकडे होती आणि दाभणात दोरी ओवायला त्यांना बराच वेळ लागत होता. मी मदत करायला पुढे झाले, तर त्यांनी मान न वळवता हातानेच जा म्हणून खूण केली.

संध्याकाळी अक्का शेतातून आल्या, त्यांनी हातपाय धुतले, आणि मी ओसरीवर बसून त्यांच्यासमोर पाकीट फोडले. पत्र दीड पानाचे होते. मी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सावकाश वाचले, मध्ये एक शब्दही बोलले नाही. त्यात काय लिहिले होते, ते मला आजही शब्दन् शब्द पाठ आहे. ते मी इथे लिहिणार नाही. ते अक्कांना लिहिलेले होते.